खळ आंबली नाही

१

गौरांग मुळेचं डोकं कोणीतरी लोखंडी पहारीने फोडलं होतं. एकदा नाही, सात-आठ वेळा. डावा गाल, डोळा, कान, काहीच ओळखू येत नव्हतं. मारून झाल्यावर त्याला चार नंबरच्या मागावर लोटून दिलं आणि माग बंद करायची तसदीही घेतली नाही. रात्रभर मागाची फणी त्याच्या खांद्यावर आपटत होती. मंगळवारी सकाळी सहाला कामगार देवाजी पराते याने गौरांगच्या कामठीच्या विणकाम शेडचं शटर उचललं, तेव्हाही ती आपटतच होती.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तरी चक्कर आली नसती, सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढलीत मी. जंतू वाढवायचे आणि ते कशाने मरतात ते बघायचं, हे माझं काम. आता रिटायर आहे, नागपुरात सक्करदऱ्याला तलावाच्या मागे एकटी राहते. डोकं लवकर तापतं माझं, त्यामुळे शेजारीपाजारी जपून बोलतात. कुसुम मेश्राम. कुसुमताई म्हणतात.

बुधवारी सकाळी देवाजीची बायको तुळसाबाई माझ्या दारात येऊन बसली. बारा वर्षं तिने आमच्या लॅबमधलं काचसामान धुतलं होतं आणि त्या बारा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती रडायची थांबत नव्हती. पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, मग एकेक बाहेर आलं. मालकाचा खून झाला. आदल्या दिवशी चहाच्या वेळी देवाजीचं मालकाशी मोठमोठ्याने भांडण झालेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. पहार देवाजीच्याच वापरातली. प्रेत मागावरून खाली ओढताना त्याचे हात कोपरापर्यंत रक्ताने भरले. पोलिसांना आणखी काय पाहिजे होतं?

"ताई, त्याईले उलटं टांगून मारून राहिले जी," तुळसाबाई म्हणाली. "शुक्रवारपावतर सही नाई केली तर दोन्ही हात तोडतो म्हनते ठाणेदार."

हातमाग, पॉवरलूम, काहीही असो, विणणाऱ्याचे हात गेले की माणूस संपला. माझ्या डोक्याची शीर उडायला लागली. मी विचारलं, तो स्वतः काय सांगतो?

"एकच बोलून राहिले. पोलीस मारते, ते तेच बोलते. खळ आंबली नाई, खळ आंबली नाई. डोकं फिरलं वाटते त्याईचं."

मी हातातला कप खाली ठेवला. डोकं फिरलेला माणूस असं बोलत नाही.

२

नंदिनी गजभिये त्याच ठाण्यात पीएसआय आहे. तिची आई माझी मैत्रीण, त्यामुळे पोरगी मला मावशी म्हणते. तिला फोन करून मी भरपूर शिव्या दिल्या. ती म्हणाली, मावशी, मलाही पटत नाही, पण ठाणेदारासमोर माझं चालत नाही. शुक्रवार सकाळपर्यंत काही हाताला लागलं तर बघ. तिनेच मला कोठडीपर्यंत नेलं.

देवाजी भिंतीला टेकून बसला होता. तळपाय सुजून काळेनिळे. उजव्या हाताची दोन बोटं भलत्याच दिशेला वळलेली. साठीचा माणूस, कोणाला अरे म्हणून बोलला नसेल. मी त्याच्यापुढे जमिनीवरच बसले आणि म्हटलं, पोलिसांना नाही कळलं, मला सांग.

त्याने सांगितलं ते असं. गौरांगच्या शेडमध्ये चादरी विणल्या जायच्या, साध्या नाहीत. जळालेल्या माणसांच्या वॉर्डासाठी, जंतू ज्यांच्यावर जगत नाहीत अशा. प्रताप नगरच्या लॅबमध्ये वेदिका खेर नावाची बाई चांदीपासून औषध बनवायची. गौरांगचा मेव्हणा अमोल ते कॅनमधून कामठीला पोचवायचा आणि तयार चादरी दवाखान्यांना तोच द्यायचा. शेडमधला रुपराव सूत त्या औषधात बुडवायचा. मग ते सूत देवाजीकडे खळीला. खळ म्हणजे तांदळाची पेज, तिच्यातून काढलेला धागा मागावर तुटत नाही. बाहेरच्या खळीत रसायनं असतात, ती औषधाला मारक, म्हणून गौरांगने देवाजीच्या हातची जुनी खळ धरली होती.

देवाजीच्या घराण्याची रीत अशी की खळीचा ड्रम कधी पूर्ण रिकामा करायचा नाही. तळाशी जुनी राहू द्यायची, वर ताजी ओतायची. दह्याला विरजण, तसंच हे. सकाळपर्यंत ती आंबली पाहिजे, नाहीतर धाग्यावर नीट बसत नाही. चाळीस वर्षं त्याचा हात शटर उघडल्याबरोबर आधी ड्रमच्या झाकणावर जायचा. त्या दिवशीही गेला. आत माग चालू ऐकून त्याला वाटलं रुपराव लवकर आला असेल. झाकण उचललं, वास घेतला. खळ गोडच. आणि मग त्याने वळून मागाकडे बघितलं.

"सोमवारच्या भांडणाचं सांग," मी म्हटलं.

"पयल्या थानाच्या वक्ती खळ तीन दिवस आंबली नव्हती, ताई. भावाच्या घरून जुनी आनून टाकली तवा जमलं. त्याच्या बादमंदी वर्षभर दररोज आंबून राहिली. म्या मालकाले इतलंच म्हनलं, तुमच्या सुतात औषध असन, तं माही खळ आंबते काहून?"

गौरांग आधी भडकला. तुला काय अक्कल, पेज ढवळणाऱ्याने पेज ढवळावी, असं सगळ्यांसमोर ओरडला. देवाजीही चिडून उलट बोलला. मग गौरांग एकाएकी बाहेर गेला आणि तीन फोन केले. संध्याकाळी सातला वेदिका, अमोल आणि रुपराव, तिघांनाही भेटायला बोलावलं. देवाजी साडेसहाला ताजी खळ ओतून घरी गेला होता.

मी तशीच नंदिनीला घेऊन शेडवर गेले. मे महिना, पंचेचाळीस तापमान, वर तापलेले पत्रे. मागाखालचं रक्त वाळून काळं झालं होतं आणि त्याच्यावर माश्यांचा थर होता. शेडभर कुजकट वास. फक्त एका ठिकाणी वास नव्हता. ड्रमचं झाकण काढलं. खळ घालून दोन दिवस होत आले होते, नागपूरच्या उन्हाळ्यात पेज चार तासांत फसफसते, आणि ही अजून गोड.

मी बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात घातला. तळाशी काहीतरी माझ्या बोटांना गुंडाळलं गेलं.

३

दुपट्टा होता. पांढरा, बिनकाठाचा. खळ निथळली तशी त्याच्यावर तपकिरी-गुलाबी डागांची नक्षी दिसायला लागली. नळाखाली घाईघाईने चोळलेलं रक्त असंच दिसतं.

उन्हाळ्यात आमच्याकडे बाई असो की बाप्या, डोक्याला-तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. त्यामुळे दुपट्टा सापडण्यात विशेष नाही. विशेष होतं ते कापड. ज्या अर्थी खळ आंबली नाही, त्या अर्थी ह्या कापडात औषध होतं, खरंखुरं. आणि वर्षभर दररोज खळ आंबत होती, म्हणजे वर्षभर ह्या शेडमध्ये आलेल्या सुतात औषध नव्हतंच. इथे खरं कापड एकदाच विणलं गेलं होतं. पहिलं थान, म्हणजे कापडाचा पहिला तागा.

नंदिनीला त्या थानाची गोष्ट ठाऊक होती, शेडमधल्या सगळ्यांनी सांगितली होती. उद्घाटनाच्या दिवशी गौरांगने स्वतःच्या हाताने त्या थानाचे चार दुपट्टे फाडले. एक स्वतःला, एक वेदिकाला, एक रुपरावला, एक अमोलला. म्हणाला, कंपनीचा हाच बिल्ला. उरलेलं थान लॅबमधल्या तपासणीसाठी कापून कापून संपलं. गौरांगचा दुपट्टा त्याच्या गळ्यातच होता, प्रेताबरोबर गेला.

"म्हणजे उरलेल्या तिघांतला एक," नंदिनी म्हणाली आणि लगेच तिचा चेहरा पडला. समोरच्या चहाच्या ठेलेवाल्याने सोमवारी संध्याकाळी तिघांनाही मागेपुढे बाहेर पडताना पाहिलं होतं. तिघांच्याही तोंडाला पांढरा दुपट्टा होता. मंगळवारी चौकशीला आले तेव्हाही होता. कोणाचाच हरवलेला नाही.

मग हा पाचवा कुठून आला?

४

गुरुवारी दुपारी नंदिनीने तिघांना शेडवर बोलावलं. ठाणेदाराने फोनवर तिला झापलं, ते पलीकडे उभ्या असलेल्या मलाही ऐकू आलं. त्याच फोनवर त्याने सांगितलं की देवाजीचं तिसरं बोट सकाळी मोडलं आणि आता म्हातारा सही करायला आलाय. नंदिनीने फोन ठेवून डोळे पुसले. मी तिला म्हटलं, रडायला नंतर वेळ आहे, आधी माणसं आत आण.

वेदिका पहिली आली. पस्तिशीची, सडपातळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बोटांची टोकंही काळी, जांभळट. चांदीचं औषध कातडीला लागलं की उन्हात असं काळं पडतं आणि महिनाभर जात नाही. मी खळीचं सांगितलं तेव्हा ती आधी माझ्यावर उखडली. प्रत्येक कॅन तपासून पाठवते म्हणाली, औषध नाही असं होऊच शकत नाही. मग हळूहळू तिला अर्थ लागला आणि ती खालीच बसली. सोमवारी गौरांगने तिला तेवढंच विचारलं होतं, कॅनमध्ये खरंच काय असतं. दोघांचं वाजलं आणि ती पाच मिनिटांत निघून गेली. तिने निघताना अमोलची गाडी येताना पाहिली.

रुपराव पन्नाशीचा, धिप्पाड, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याच्यावर नंदिनीचा दाट संशय होता, कारण त्याचा रबरी एप्रन मंगळवारी सकाळी ओला सापडला होता, धुतलेला. रुपराव म्हणाला, मी सोमवारी एप्रन घातलाच नाही, खुंटीला वाळलेला सोडून सव्वासातला गेलो, मालक जिवंत होता, शिव्या देत होता. सांगताना त्याने दोन्ही तळहात माझ्यापुढे पसरले. खरबरीत, मोठे हात. रोज दोन घमेली सूत औषधात बुडवणारे. मी ते नीट बघून घेतले.

अमोल शेवटी आला आणि आल्या आल्या रडायला लागला. जिजाजी म्हणजे माझे मोठे भाऊ होते, बहिणीचं कुंकू पुसलं त्या म्हाताऱ्याने, त्याला फाशी झाली पाहिजे, असं हिंदी-मराठी मिसळून बोलत राहिला. मानेवरचा घाम दुपट्ट्याने पुसत होता. त्या बंद शेडमध्ये आम्हा सगळ्यांनाच घाम सुटला होता, त्याच्या घामाचा आंबूस वास माझ्यापर्यंत आला. सोमवारी तो सातला येऊन दहा मिनिटांत गेला, म्हणाला. चादरींची गाडी भरायची होती. रुपराव मागेच होता, त्याला विचारा. त्या आठवड्यात कामठी रोडवर नाकाबंदी होती, पोलीस प्रत्येक गाडी उघडून बघत होते, त्याचीही बघितली, काही सापडलं नाही.

तपासणीसाठी दुपट्टे पाहिजेत म्हटल्यावर तिघांनीही लगेच काढून दिले. स्वच्छ दुपट्टा द्यायला कोण घाबरेल?

मी बरोबर आणलेल्या तुळसाबाईला म्हटलं, लिटरभर दूध आण आणि घरचं दही. नंदिनी माझ्याकडे बघतच राहिली.

५

चार स्टीलच्या वाट्या. प्रत्येकीत कोमट दूध आणि चमचाभर विरजण. तीन वाट्यांत तीन दुपट्ट्यांच्या हातभर पट्ट्या फाडून कोंबल्या, चौथीत काही नाही. वर झाकणं, झाकणांवर नावं. नंदिनीने शेडला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली.

शुक्रवारी सकाळी सातला सगळे पुन्हा हजर. ठाण्यात देवाजीपुढे कागद ठेवलेला होता. तुळसाबाई ड्रमपाशी उभी होती, खळ ढवळायचा सागवानी दांडा दोन्ही हातांनी धरून.

मी आधी नुसत्या दुधाचं झाकण उचललं. दही लागलं होतं. वेदिकाची वाटी उघडली. दूध, पातळ, पांढरं, काल ठेवलं तसं. रुपरावची उघडली. दूध.

अमोलची वाटी मी उलटी केली. घट्ट कवडीचं दही, पट्टीसकट वाटीला चिकटून राहिलं.

"तुझा खरा दुपट्टा ड्रमच्या तळाशी होता," मी म्हटलं. "हा तू सोमवारी ह्याच शेडमधल्या बिनऔषधाच्या थानातून फाडलास. तुला वाटलं पांढऱ्याला पांढरं."

अमोल हसला. दह्यावरून खून शाबीत करते का ही म्हातारी, असं नंदिनीला विचारलं.

मग मी त्याला बोटांचं सांगितलं. औषध बनवणाऱ्या वेदिकाची बोटं काळी. त्याच औषधात रोज कोपरापर्यंत हात घालणाऱ्या रुपरावच्या हातांवर एक डाग नाही. रुपराव मधेच बोलला की सुरुवातीला त्याचीही काळी झाली होती, मग अमोलभाऊ म्हणाले नवीन औषध आहे, डाग पडत नाही. वेदिकाच्या लॅबमधून औषध निघत होतं आणि रुपरावपर्यंत पाणी पोचत होतं. मधल्या रस्त्यात एकच माणूस होता. औषध बाहेर विकून कॅन नळावर भरणारा.

आणि घाम. ते तर माझ्या नाकाला कालच कळायला पाहिजे होतं. घामाला वास जंतूंमुळे येतो. खरा दुपट्टा वर्षभर वापरला तरी वास मारत नाही. मी स्वतःवरच चरफडले होते रात्री.

एवढं बोलून मी नंदिनीकडे वळले, ती माझी चूक. माझ्या डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याची दोन टोकं मागून अमोलच्या हातात गेली आणि त्याने पीळ दिला. गळ्यात काहीतरी कडकन वाजलं. पाय जमिनीवरून उचलले गेले. नंदिनीने पिस्तूल काढलं तसं त्याने मला पुढे धरलं. डोळ्यांपुढे लाल, मग काळं. कानात त्याचा श्वास.

नंतर हाड मोडल्याचा आवाज आला. माझं नव्हतं. तुळसाबाईने सागवानी दांडा त्याच्या कोपरावर घातला होता. मी खाली कोसळले आणि खालून पाहिलं, दुसरा फटका त्याच्या तोंडावर बसला. दात फरशीवर सांडले. तिसरा, चौथा. ती काही ओरडत नव्हती, तोंड मिटून मारत होती, तीन दिवस तिच्या नवऱ्याला मारलं त्याचा हिशोब बहुतेक. नंदिनी आणि रुपरावने मिळून तिला ओढलं तेव्हा अमोल त्याच मागाखाली पडला होता, गौरांगच्या वाळलेल्या रक्तात.

तो बोलला, तोंडातून फेस काढत. सव्वासातला रुपराव जाईपर्यंत तो बाहेर गाडीत बसून राहिला आणि मग परत आला. गौरांग त्याला म्हणाला, उद्या मी स्वतः सगळ्या दवाखान्यांत जातो, चादरी परत घेतो आणि कारण सांगतो. अमोलने एप्रन अंगात घातला आणि पहार उचलली. तोंडावर उडालेलं रक्त दुपट्ट्याने पुसलं. एप्रन धुऊन निघाला, दुपट्टा निघेना, बाहेर नाकाबंदी, म्हणून जो ड्रम कोणी कधी तळापर्यंत खरवडत नाही त्याच्यात दाबला. दोन दिवसांनी काढून नेणार होता, पण शेडला पोलिसांचं सील लागलं.

"चादरीच तर होत्या," तो म्हणाला.

वेदिका इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली आणि त्याच्याजवळ उकिडवी बसली. "त्यांच्यावर कातडी नसलेली माणसं झोपत होती, अमोल," ती म्हणाली. मग उठून बाहेर गेली आणि तिला ओकारी झाल्याचं आम्ही आतून ऐकलं.

नंदिनी आधीच फोनवर होती. ठाणेदाराला मराठीत सांगून कळेना तेव्हा तिने शिवी हासडली. मला पोरीचा अभिमान वाटला.

६

देवाजीने सही केली नव्हती. कागद पुढे होता, पेन बोटांत धरता येत नव्हतं म्हणून वेळ गेला. मोडणाऱ्यांनी बोटं मोडली म्हणून तो वाचला, हे मला आजही धड गिळता येत नाही. ठाणेदाराची चौकशी लागली. चादरी परत आल्या, किती माणसं त्यांच्यावर दगावली ते मोजण्याचं काम अजून चालू आहे. सरकारी लॅबने दुपट्ट्यांची परीक्षा करायला आठ दिवस घेतले आणि माझ्या वाट्यांनी सांगितलं तेच सांगितलं.

चार महिन्यांनी शेड पुन्हा सुरू झाली. गौरांगच्या बायकोने, वैदेहीने, ती चालवायला घेतली. भावाने केलं ते ठाऊक असूनही घेतली, त्याबद्दल मी तिला मानते. वेदिका आता कॅन स्वतः घेऊन येते. रुपरावची बोटं काळी झालीत आणि तो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. देवाजीच्या उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. तुटलेला धागा तुळसाबाई जोडते, तो बाजूला बसून सांगतो.

पहिलं थान मागावर चढायचं होतं त्या सकाळी मीही गेले होते. देवाजीने शटर उचललं. हात सवयीने झाकणावर गेला. झाकण काढून त्याने वास घेतला आणि तसाच उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "खळ आंबली नाई."

मी म्हटलं, अरे चांगलंच आहे ना, सुतात औषध आहे म्हणून नाही आंबली. कालच वेदिकाने तुला समजावलं. आता ती अशीच राहील, दर दोन दिवसांनी भावाकडची आणून घालावी लागेल. त्याने मान हलवली. समजत होतं त्याला सगळं.

मग त्याने बाही वर केली, तो मोडका हात खळीत खांद्यापर्यंत घातला आणि तळ चाचपायला लागला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सावकाश. तुळसाबाईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.  हात बाहेर काढून, रिकामा आहे हे दोनदा बघून, पुसून, मगच तो तिला म्हणाला की माग चालू कर.

अजूनही रोज सकाळी तसंच करतो, तुळसाबाई सांगते.